शेवटचा शब्द कोणाचा, ते आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस वाचकांच्या पत्रांमधे इस्लामी राज्य आणि लोकशाही यावर जो वाद चाललाय तो मी नेमाने वाचतोय आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, जमलं तर न कापता छापा ही विनंती. एक बाजू म्हणते इस्लाम आणि लोकशाही यांचं जमणं शक्यच नाही. दुसरी म्हणते लोकशाही तर इस्लाममधे पहिल्यापासून आहे, आपसात सल्लामसलत करून कारभार करा असं कुराणातच आहे, ४२व्या सूरेतली ३८वी आयत. मग पहिली बाजू दुसरी आयत काढते, समोरून हदीस येते, आणि हे असं कितीही दिवस चालू शकतं. मला वाटतं आपण उत्तर भलत्या ठिकाणी शोधतोय. शंभर वर्षांत कितीतरी देशांनी हा प्रयोग प्रत्यक्ष करून बघितलाय, त्यात माणसं मेलीत, जेलमधे गेलीत, देश सोडून पळालीत, मग त्या देशांच्या घटना आणि त्यांचा अनुभव बाजूला ठेवून नुसत्या आयती कशाला मोजायच्या. आणि तिथे बघताना मी तरी एकच गोष्ट आधी बघतो, त्या व्यवस्थेत शेवटचा शब्द कोणाचा चालतो आणि त्या माणसाला लोक मत देऊन खाली उतरवू शकतात की नाही.

इतिहासाचं थोडक्यात सांगतो. पैगंबर ६३२ साली गेले, त्यानंतर पहिले चार खलिफा चार वेगळ्या रीतीने आले. अबू बक्र यांची निवड मदिनेतल्या एका बैठकीत झाली, उमर यांना अबू बक्र यांनीच नेमलं, उस्मान यांना उमर यांनी ठरवलेल्या सहा जणांच्या समितीने निवडलं, आणि अली उस्मान यांच्या खुनानंतरच्या गोंधळात लोकांच्या शपथेवर आले (शिया मुसलमान तर म्हणतात की पैगंबरांनी अलींनाच वारस नेमलं होतं). अलींनंतर सत्तेवर आलेल्या मुआवियांनी मुलाला वारस केलं आणि घराणेशाही सुरू झाली. म्हणजे सरकार नेमकं कसं बनवायचं याचा एक ठरलेला नकाशा सुरुवातीच्या लोकांकडेही नव्हता. हे मी बाहेरून म्हणत नाहीये, १९२५ मधे अली अब्द अल राझिक या कैरोच्या अल अझहर या मोठ्या इस्लामी विद्यापीठाच्याच विद्वानाने लिहिलं की इस्लामने राज्यपद्धत कुठली ते ठरवून दिलेलं नाही, त्याच्या आदल्याच वर्षी तुर्कस्तानने खिलाफत बंद केली होती आणि सगळीकडे वातावरण तापलं होतं. त्या लिखाणापायी त्यांची उलेमा म्हणजे धर्मपंडित म्हणून असलेली मान्यता गेली आणि काझीची नोकरीही गेली.

आता इराण. इराणवर मी जास्त लिहिणार आहे कारण धर्मशास्त्र आणि मतपेटी दोन्ही एकाच घटनेत घालायचा इतका पूर्ण प्रयत्न दुसरीकडे कुठे झालेला मला माहीत नाही. आणि तिथे हा वाद १९७९ च्या क्रांतीच्याही खूप आधीचा आहे. १९०६ मधे इराणी लोकांनी शाहाकडून घटना आणि पार्लमेंट मिळवलं, तेव्हा मौलवींमधेच फूट पडली. शेख फजलुल्ला नुरी म्हणाले माणसांनी कायदे करणं हेच धर्माविरुद्ध आहे, तर नजफ या इराकमधल्या शिया विद्येच्या गावचे नाईनी यांनी शिया धर्मशास्त्राच्याच आधाराने मांडलं की खरा इमाम (शियांच्या श्रद्धेप्रमाणे दडून असलेला बारावा इमाम) गैरहजर असताना कुठल्याही राजाच्या हातात अमर्याद सत्ता ठेवणं हाच मोठा जुलूम, तिला घटनेने आणि पार्लमेंटने आवर घालणं हे कर्तव्य आहे. दोघेही मोठे मुज्तहिद, म्हणजे धर्माचा अर्थ लावायचा अधिकार असलेले पंडित, दोघांसमोर ग्रंथ तेच. नुरींना १९०९ मधे घटनावाद्यांनी फाशी दिलं, तेही वाईटच झालं.

मग १९७० साली हद्दपारीत असताना खोमेनींनी नजफमधेच व्याख्यानं दिली आणि विलायत ए फकीहचा विचार मांडला, म्हणजे बाराव्या इमामाच्या गैरहजेरीत राज्य करायचा हक्क धर्मशास्त्र जाणणाऱ्या फकीहाचा. त्याच गावात बसलेले आयातुल्ला खोई यांना हे पटलेलं नव्हतं, त्यांच्या मते फकीहाचा अधिकार इतका लांब जातच नाही. पण क्रांती झाली ती खोमेनींच्या नावाने. १९७९ च्या मार्च अखेरीला जनमत घेतलं, प्रश्न एकच, इस्लामी प्रजासत्ताक हवं की नको, आणि ९८ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. तेव्हाचे पंतप्रधान मेहदी बाझरगान स्वतः धार्मिक माणूस, त्यांना नावात लोकशाही हा शब्द हवा होता, खोमेनींनी साफ नकार दिला. लोकांनी हो म्हटलं तेव्हा पुढची घटना कशी असेल ते त्यांच्यासमोर नव्हतंच, ती घटना त्याच वर्षाच्या शेवटी आली. ही गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. कोऱ्या कागदावर सही घेतल्यावर पुढे चाळीस वर्षं त्या सहीचा दाखला देत राहणं याला मी तरी लोकांची मर्जी म्हणणार नाही.

त्या घटनेची रचना नीट समजून घ्या. वर सर्वोच्च नेता, तहहयात. त्याच्यावर लक्ष ठेवायला आणि वेळ पडली तर त्याला काढायला तज्ज्ञांची सभा, तिचे ८८ सदस्य लोक निवडून देतात. वाचायला हे ठीक वाटतं. पण त्या सभेला उभं कोणी राहायचं ते ठरवते पालक परिषद, तिच्यात १२ माणसं, ६ धर्मशास्त्री नेता थेट नेमतो, आणि उरलेले ६ कायदेपंडित पार्लमेंट निवडतं पण यादी येते न्यायखात्याच्या प्रमुखाकडून, ज्याला नेत्यानेच नेमलेलं असतं. म्हणजे नेत्याने नेमलेले लोक ठरवणार की नेत्याला जाब विचारायला कोण निवडून येऊ शकतं. हीच परिषद राष्ट्राध्यक्षाचे उमेदवार गाळते, खासदारकीचे उमेदवार गाळते, आणि पार्लमेंटने पास केलेला कायदा इस्लामविरोधी किंवा घटनाविरोधी म्हणून परत पाठवते. १९९७ मधे मोहम्मद खातमी जवळपास ७० टक्के मतं घेऊन आले, स्वतः मौलवी, व्यवस्थेच्या आतलेच, त्यांनी या गाळण्याच्या अधिकाराला थोडी कात्री लावायचं बिल आणलं तर ते त्याच परिषदेने फेटाळलं. २००४ च्या पार्लमेंट इलेक्शनला २००० च्या वर अर्ज बाद, त्यात ८० च्या आसपास तर बसलेले खासदार होते. २०१३ मधे माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी बाद. २०२१ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी ५९२ लोकांनी नाव नोंदवलं, मंजूर झाले ७. २०२४ मधे हसन रूहानी यांना तज्ज्ञांच्या सभेसाठी अपात्र ठरवलं, जे दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले आणि त्या सभेत वीसहून जास्त वर्षं बसलेले. लोकांनी यातून काय घ्यायचं ते घेतलं, २०२१ ला मतदान ४९ टक्क्यांच्या आत, आणि २०२४ ला राष्ट्राध्यक्ष रईसी हेलिकॉप्टर अपघातात गेल्यावर जे इलेक्शन झालं त्याच्या पहिल्या फेरीत ४० टक्क्यांच्या आसपास, क्रांतीनंतर राष्ट्राध्यक्षाच्या इलेक्शनला इतकं कमी कधीच नव्हतं.

इथे मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, आणि इस्लामी राज्य हवं म्हणणाऱ्या पत्रलेखकांनी हे शांतपणे वाचावं अशी विनंती आहे. आपल्याला वाटतं अशा राज्यात धर्म वर आणि राज्य त्याच्या खाली असेल. इराणमधे झालं उलटं. जमिनीचे, कामगारांचे कायदे पालक परिषद शरियतचं कारण देऊन अडवत होती, कारभार ठप्प होत होता, तेव्हा जानेवारी १९८८ मधे स्वतः खोमेनींनी जाहीर केलं की राज्य टिकवणं हा इस्लामचा मूळ हुकूम आहे आणि तो नमाज, रोजा, हज यांच्याही वर आहे, गरज पडली तर सरकार हजसुद्धा थांबवू शकतं. मग लगेच पार्लमेंट आणि परिषद यांचं भांडण सोडवायला तिसरं मंडळ काढलं, ज्याने शरियतपेक्षा राज्याची गरज बघून निकाल द्यायचा. पुढच्या वर्षी खोमेनी गेले आणि नेता व्हायला त्यांच्या तोडीचा मर्जा (सगळ्यात वरच्या दर्जाचा शिया धर्मगुरू) मर्जीतला मिळेना, तर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खामेनी यांना नेता केलं आणि मर्जा असण्याची अट घटनेतून काढून टाकली. ज्या तत्त्वावर सगळी इमारत उभी केली, की सगळ्यात विद्वान फकीहाने राज्य करावं, तेच तत्त्व राज्याच्या सोयीसाठी दहा वर्षांत बाजूला ठेवलं गेलं. धर्माच्या माणसाला खुर्चीवर बसवून धर्म खुर्चीवर बसत नाही, खुर्चीची जी गणितं असतात ती त्या माणसाकडून सगळं करून घेतात आणि त्याची किंमत धर्माला मोजावी लागते, मशिदीपासून तरुण मुलंमुली लांब जातात, आणि हे दुःख मुसलमानांचं सगळ्यात आधी आहे.

आणि मुंतझरी. त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विलायत ए फकीह घटनेत घालणाऱ्यांपैकी ते एक, खोमेनींचे शिष्य, ठरलेले वारस. १९८८ च्या उन्हाळ्यात जेलमधल्या हजारो राजकीय कैद्यांना फासावर दिलं तेव्हा त्यांनी त्या शिक्षा ठरवणाऱ्या समितीच्या लोकांना समोर बसवून सांगितलं की इस्लामी प्रजासत्ताकाच्या हातून झालेला हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे आणि इतिहास आपल्याला दोषी धरेल. त्या बैठकीचं रेकॉर्डिंग २०१६ मधे बाहेर आलं. १९८९ मधे त्यांचं वारसपद गेलं, १९९७ मधे खामेनींच्या अधिकारावर जाहीर बोलले तर पाच वर्षं कोम या धर्मविद्येच्या शहरात घरात कोंडून ठेवलं. गादी हातात येत असताना फक्त गप्प बसायचं होतं, तेवढंही त्यांनी केलं नाही, असे धर्मगुरू कुठल्याही धर्मात थोडे. शेवटपर्यंत ते म्हणत राहिले की फकीहाने देखरेख करावी, राज्य करू नये, आणि लोकांच्या मर्जीशिवाय सत्तेला वैधता नाही.

कोणी म्हणेल ही शियांची गोष्ट झाली. सुन्नी बाजूला पाकिस्तान घ्या. मार्च १९४९ चा उद्दिष्टांचा ठराव म्हणतो सार्वभौमत्व अल्लाहचं, ते लोकांकरवी वापरलं जाईल. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय हे पूर्व बंगालचे काँग्रेसचे सभासद, त्यांनी तिथेच विरोध केला की मग बिगर मुसलमान नागरिकाची जागा काय. आणि अल्लाहचा हुकूम काय ते ठरवायला कागदावर सही कुठल्यातरी माणसालाच करावी लागते. १९५३ च्या पंजाबमधल्या अहमदीविरोधी (या पंथाला पुष्कळ मुसलमान मुसलमान मानत नाहीत) दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर यांच्या कमिशनने मोठमोठ्या उलेमांना विचारलं की मुसलमान कोणाला म्हणायचं, तर एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. १९७४ मधे मात्र पार्लमेंटने दुरुस्ती करून अहमदींना बिगर मुसलमान ठरवून टाकलं. ते पार्लमेंट निवडून आलेलं होतं, सरकार भुत्तोंचं होतं, मौलवींच्या पक्षाचं नव्हतं. म्हणून नुसती मतपेटी आली म्हणजे झालं असंही मी म्हणत नाहीये. कोणाचा धर्म काय हे बहुमताने ठरवता येत असेल तर तिथे नागरिक सारखे राहिले नाहीत. इराणमधे राष्ट्राध्यक्ष शियाच हवा अशी अट आहे, आणि बाईला त्या पदासाठी परिषदेने आजवर एकदाही मंजुरी दिलेली नाही. तालिबानने तर ऑगस्ट २०२१ नंतर इलेक्शन कमिशनच बंद केलं आणि मुलींची पुढची शाळाही. त्यांनी निदान लोकशाहीचा दावा केलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूशी बोलायचंय, जी म्हणते की धार्मिक पक्षांना इलेक्शन लढवूच देऊ नका, एकदा आले की पुन्हा मतदान होणार नाही. ही भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. अल्जीरियात इस्लामी आघाडीचे अली बेलहाज लोकशाहीला उघड कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह, म्हणत होते. पण झालं काय, डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत त्या आघाडीने १८८ जागा घेतल्या, जानेवारीत लष्कराने दुसरी फेरीच रद्द केली, आणि पुढे दहा वर्षं जो रक्तपात झाला त्यात लाखाच्या वर माणसं गेली असं मानतात. लोकांना वाचवायला लोकांचं मत रद्द केलं आणि लोकच मेले. इजिप्तमधे मुस्लिम ब्रदरहूडचे मोर्सी जून २०१२ मधे राष्ट्राध्यक्ष म्हणून ५१.७ टक्के मतांवर आले, नोव्हेंबरमधे स्वतःचे हुकूम कोर्टाच्या आवाक्याबाहेर ठेवणारं फर्मान काढलं, विरोधक घटना समितीतून उठून गेले तरी घटना रेटली. ही मोठी चूक होती आणि रस्त्यावर आलेले लोक बरोबर होते. पण त्याचं औषध पुढचं इलेक्शन होतं, जुलै २०१३ मधे लष्कराने त्यांना उचललं आणि १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात एका दिवसात शेकडो माणसं मारली, ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीत कमीत कमी ८१७. लष्करशहाचा शेवटचा शब्द आणि फकीहाचा शेवटचा शब्द यात मला तरी फरक दिसत नाही, दोघांनाही मत देऊन काढता येत नाही.

आणि मत देऊन काढता येतं तिथे लोक काढतात, ही गोष्ट या वादात कोणीच सांगत नाही. मोरोक्कोत धार्मिक वळणाच्या न्याय आणि विकास पक्षाला २०१६ मधे १२५ जागा होत्या, २०२१ मधे १३ राहिल्या. (तिथे राजाच्या हातात खूप काही आहे, ते वेगळं.)

माझ्या दृष्टीने खरी शिकवण ट्युनिशियात आहे. रशीद घनूशी वीस वर्षं लंडनला हद्दपार होते, २०११ मधे परत आले, त्यांच्या एन्नाहदा पक्षाने २१७ पैकी ८९ जागा जिंकल्या. पक्षातल्या पुष्कळांना घटनेत शरियत हवी होती. मार्च २०१२ मधे पक्षाने ठरवलं की नको, देश दोन तुकड्यांत फाटेल. मग मसुद्यात बाई ही पुरुषाला पूरक अशा अर्थाचं कलम आलं, १३ ऑगस्टला बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या, कलम गेलं. २०१३ मधे शुक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, देश पेटायच्या बेतात होता, इजिप्त डोळ्यासमोर होतं. तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाले अशा चौघांनी मधे पडून बोलणी घडवली (त्यांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं) आणि एन्नाहदाने सरकार सोडलं. जानेवारी २०१४ मधे २१६ पैकी २०० मतांनी घटना पास झाली, तिच्यात राष्ट्राचा धर्म इस्लाम हे राहिलं आणि सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्यही आलं. २०१६ मधे पक्षाने धर्मप्रचाराचं काम राजकारणापासून वेगळं केलं, घनूशी म्हणू लागले आम्ही मुस्लिम लोकशाहीवादी. हे सगळं ग्रंथात नवी आयत सापडली म्हणून झालं नाही, समोरच्याशी जुळवून घेतल्याशिवाय टिकणार नाही हे कळलं म्हणून झालं, बायका रस्त्यावर आल्या म्हणून झालं, युनियन मजबूत होती म्हणून झालं.

आणि ती लोकशाही मोडली कोणी? कैस सईद, कुठल्याच इस्लामी पक्षाचे नसलेले घटनाशास्त्राचे प्राध्यापक, २०१९ ला निवडून आलेले. २५ जुलै २०२१ ला त्यांनी पार्लमेंट थांबवलं, पुढच्या वर्षी स्वतः नवी घटना आणली, आणि इस्लामची उद्दिष्टं साध्य करण्याचं काम एकट्या राज्याचं असं तिच्या पाचव्या कलमात घातलं. एन्नाहदाने जे मागायचं सोडलं होतं त्याच्या जवळचं कलम एन्नाहदाच्या विरोधकाने घातलं. घनूशींना एप्रिल २०२३ मधे अटक झाली, फेब्रुवारी २०२५ मधे ८३ वर्षांच्या त्या माणसाला २२ वर्षांची शिक्षा. एन्नाहदाच्या सरकारांचा कारभार चांगला नव्हता, बेकारी हटली नाही, लोक वैतागले होते, म्हणून तर सुरुवातीला सईदना टाळ्या मिळाल्या. पण ज्यांना वाटतं की धार्मिक पक्ष बाजूला झाला म्हणजे लोकशाही सुरक्षित, त्यांनी आजचं ट्युनिशिया बघावं.

इंडोनेशियाचं दोन वाक्यात. जगात सगळ्यात जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी तो, १९४५ मधे घटनेच्या मसुद्यातले मुसलमानांना शरियत पाळायला लावणारे शब्द पूर्वेकडच्या ख्रिश्चनांचा विचार करून शेवटच्या क्षणी काढले, २००२ मधे ते परत घालायचा प्रयत्न झाला तर नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया या तिथल्या सगळ्यात मोठ्या धार्मिक संघटनांनीच साथ दिली नाही. सगळं गोड नाही तिथेही, २०१७ मधे जकार्ताच्या ख्रिश्चन गव्हर्नरला धर्मनिंदेखाली दोन वर्षं जेल झाली. पण राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडतात आणि मुदत संपली की तो जातो.

इराकचंही एक सांगायचं राहिलं. जून २००३ मधे अमेरिकन प्रशासन आपण नेमलेल्या लोकांकडून घटना लिहून घ्यायच्या विचारात होतं, तेव्हा नजफचे आयातुल्ला सिस्तानी, खोईंचेच शिष्य, त्यांनी फतवा काढला की घटना लिहिणारे लोक इराक्यांनी निवडलेलेच पाहिजेत, आणि अमेरिकेला बेत बदलावा लागला. घटनेच्या दुसऱ्या कलमात मग दोन्ही आलं, इस्लामच्या प्रस्थापित नियमांविरुद्ध कायदा नको आणि लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्धही नको. दोन्ही भिडले तर कोण ठरवणार, ते तिथल्या सुप्रीम कोर्टावर आणि त्यात कोण बसतं त्यावर. पुन्हा तोच प्रश्न.

म्हणून संपादक महोदय, माझी आपल्याकडे एक मागणी आहे. यापुढे हा विषय छापाल तेव्हा आयतींच्या जोडीला प्रत्येक देशाचा एक छोटा तक्ता द्या, सर्वोच्च पद कोणाचं, त्याला कोण नेमतं, कोण काढू शकतं, उमेदवार कोण बाद करतं, कायद्यावर शेवटचा व्हेटो कोणाचा, आणि धर्म बदललेला, धर्म सोडलेला किंवा दुसऱ्या पंथाचा माणूस त्या सर्वोच्च पदाला उभा राहू शकतो का, बाई राहू शकते का. इराण, पाकिस्तान, इराक, ट्युनिशियाच्या दोन्ही घटना, इंडोनेशिया, मोरोक्को, सौदी, अफगाणिस्तान, आठ देशांचं अर्ध्या पानात बसेल. मग दोन्ही बाजूच्या पत्रलेखकांनी त्या तक्त्यावर बोट ठेवून आपलं म्हणणं मांडावं.

आपला,
एक नियमित वाचक